बारा अब्ज वर्षांपूर्वीची अलकनंदा

शिरोली एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालेल्या माणसाला दिव्यांच्या झगमगाटात चांदण्या मोजक्याच दिसतात. अमावस्येला लांबच्या मळ्यात उभे राहावे, म्हणजे आकाशगंगेचा पट्टा दिसतो. अब्जावधी ताऱ्यांच्या अशा समूहाला दीर्घिका म्हणतात.

शिरोलीवरून जाणाऱ्या हमरस्त्याने पुणे गाठले की तिथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. तिथल्या राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली फार दूरची एक दीर्घिका उजेडात आणली. तिचा प्रकाश येथवर पोचायला १२ अब्ज वर्षे लागली. म्हणजे आपल्याला दिसते ते तिचे तेव्हाचे रूप! पत्र पोचेपर्यंत त्यातले तान्हे पोर कर्ते व्हावे, तसेच हे.

इतक्या लांबचा प्रकाश वाटेत ताणला जातो, तांबडा होत होत डोळ्यांना दिसेनासा होतो. तो जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपला. सुमारे ७०,००० ठिपके पाखडून राशीताईंनी ही एक वेचली. वाटेतल्या दीर्घिकांच्या एका थव्याने आपल्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचे काम केले, म्हणून ती दुप्पट उजळ दिसली.

विश्व तेव्हा जेमतेम दीड अब्ज वर्षांचे. त्या वयात दीर्घिका ढेकळांसारख्या ओबडधोबड असणार, असा शास्त्रज्ञांचा समज. हिला मात्र दोन रेखीव सर्पिल हात! शिवाय वर्षाला साठेक सूर्यांच्या वजनाचे तारे ती घडवत होती, आपल्या आकाशगंगेच्या वीसपट. एवढी घडी इतक्या लवकर कशी बसली?

हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून हिचे नावही तेच ठेवले. आता तिच्यातला वायू संथ फिरत होता की खळबळत, हे तपासायचे आहे.