मोरोक्कोला जायचंय? आधी पैशांचं बघा

उत्तर आफ्रिकेतल्या मोरोक्कोला पहिल्यांदाच जाणार असाल, तर बॅग भरण्याआधी हिशोब मांडा.

आधी व्हिसा, मग तिकीट. मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस बरे. जुलै-ऑगस्टमध्ये माराकेश शहर तापून निघतं.

तिथलं चलन दिरहम. ते देशाबाहेर नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. म्हणून इथून युरो किंवा डॉलर न्या आणि तिथे लागतील तसे बदला. पावती जपून ठेवा. उरलेले दिरहम परत बदलून घेताना ती मागतात. जुन्या बाजारात रोखीनंच व्यवहार चालतो, आणि घासाघीस करायला लाजू नका.

शाकाहारी असाल तर भाजीच्या ताजीनमध्ये, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेल्या कालवणात, मटणाचा रस्सा घातलाय का, हे विचारून घ्या.

एसाविरा किंवा अगादिरकडे गेलात तर अर्गन तेलाच्या महिला सहकारी संस्था बघा. बाया दगडानं बिया फोडतात, जात्यावर दळतात. मात्र नुसत्या पाटीला भुलू नका. इथल्या बायकांना मोबदला किती मिळतो, नफा कसा वाटला जातो, हे विचारा. बचत गटातल्या बाईला हा प्रश्न शिकवावा लागत नाही!