वाशीच्या खाडींतील पोलादी मनोरे

मानखुर्दहून वाशीस पुलावरून जातांना खाडींत विजेच्या तारांचे पोलादी मनोरे दिसतात. दीपमाळा व बुरूज यांचीं मापें टिपणाऱ्या आपल्या मंडळींनीं त्यांकडे सहसा पाहिलेलें नाहीं. वास्तविक दीपमाळ रचणाऱ्या गवंड्यापुढील प्रश्नच येथें उलटा होऊन उभा आहे. तो कसा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दगडी दीपमाळ आपल्या भारानें उभी राहते. वारा तिला ढकलतो खरा, पण तिच्या वजनापुढें त्याचें फारसें चालत नाहीं. गवंड्यास मुख्य चिंता पाया खचण्याची. पोलादी मनोरा जाळीदार व हलका, म्हणून त्याचा खरा वैरी वारा. समजा, मनोऱ्याची उंची १०० मीटर, पायांमधील अंतर १० मीटर, आणि वाऱ्याचा एकंदर रेटा २० टन असून तो ५० मीटर उंचीवर लागतो. ५० गुणिले २० म्हणजे १०००. त्यास १० नें भागिलें म्हणजे १०० टन. इतक्या जोरानें वाऱ्याकडील दोन पाय मिळून वर उचलले जातात व पलीकडील दोन खालीं दाबले जातात. मनोऱ्याचें वजन ८० टन धरिलें, तर त्यांतील ४० टन उचलत्या पायांवर येतें. बाकी ६० टनांची ओढ पायानेंच धरून ठेविली पाहिजे. खाडीच्या मऊ गाळांत हें काम विशेष बिकट. म्हणून तेथें पायाचे खांब गाळ भेदून खालच्या घट्ट थरांत रुतवावे लागतात.

उंची दुप्पट करून बैठक तीच ठेविली, तर वारा अडविणारें अंग दुप्पट व तरफही दुप्पट, म्हणजे ओढ चौपट. शिवाय उंचावर वाऱ्याचा वेग अधिक, आणि वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट. म्हणूनच गुस्ताव आयफेल याच्या १८८९ सालच्या पॅरिस येथील मनोऱ्याचे पाय खालीं एवढे फांकले आहेत. (तो पोलादी नव्हे, घडीव लोखंडी आहे, ही चूक वारंवार आढळते.)

दाबल्या जाणाऱ्या पायांचें संकट निराळें. लांब काठी दोन्ही टोकांनीं दाबली तर ती चिरडण्यापूर्वींच वांकते. तिची मोकळी लांबी निम्मी केली तर ती चौपट भार सोशिते, हा ऑयलरचा अठराव्या शतकांतील सिद्धांत होय. मनोऱ्याच्या अंगावरील तिरप्या पट्ट्या नक्षीसारख्या दिसतात; त्यांचें एक मोठें काम पायांस जागोजाग धरून ती मोकळी लांबी कमी करणें हें होय. ताणांवर उभे केलेले उंच खांब तर सर्वस्वीं परावलंबी. पोलंडांतील ६४६ मीटरांचा रेडिओ-खांब १९७४ सालीं पुरा झाला, आणि १९९१ सालीं ताण बदलीत असतांना कोसळला.

संग्राहकांच्या कामाची गोष्ट पुढेंच आहे. अशा मनोऱ्यांच्या पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा चढविण्यापूर्वीं क्रमांक ठोकण्याची रीत आहे, आणि कोणती पट्टी कोठें बसते हें जोडणीच्या नकाशावरूनच कळतें. नकाशा हरवला कीं ते आंकडे पानें विसकटलेल्या पोथीसारखे. खोपोलीची वीज १९१५ सालीं मुंबईस आली, तेव्हांपासून असे नकाशे या भागांत निघत आले असले पाहिजेत. जुन्या कंत्राटदारांच्या घरीं निळ्या कागदांच्या गुंडाळ्या आढळल्यास त्या रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार उलगडून पाहाव्या.