फॉलोअर्स ॲपचे, ग्राहक तुमचे!



दिवाळीच्या दहा दिवस आधी एका ताईंचा मला फोन आला. घरून फराळ करून विकतात. आवाज रडवेला. "सर, माझं पेज गेलं!"

झालं असं की, त्यांना एक मेसेज आला, "तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत पेज बंद होईल." ताई घाबरल्या, लिंक उघडली, पासवर्ड टाकला. थोड्याच वेळात पेज दुसऱ्याच्या ताब्यात! मी विचारलं, "मागच्या वर्षी ज्यांनी फराळ नेला त्यांचे नंबर असतील ना?" ताई म्हणाल्या, "नाही हो सर, सगळं त्या पेजच्या मेसेजमध्येच होतं."

चार हजार फॉलोअर्स. पण वहीत एकही नाव नाही.

दुकान भाड्याचं आहे, हे लक्षात ठेवा

सकाळच्या चहापासून रात्री झोपेपर्यंत आपला ग्राहक मोबाईलवर असतो. म्हणून आपणही तिथे असायलाच हवं, यात वादच नाही. पण ती जागा आपल्या मालकीची नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. ज्यांनी फक्त तिथेच मेहनत घेतली होती, त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडले, जवळपास सहा तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती. ज्यांच्या ऑर्डरी फक्त चॅटमधून येत होत्या, त्यांना त्या रात्री ग्राहकाला मेसेजही पाठवता येत नव्हता.

यात चूक कुणाची, हा मुद्दाच नाही. सोशल मीडियाचं काम ग्राहकाला तुमच्या दारापर्यंत आणण्याचं आहे. तो आला की त्याचं नाव लिहून घेणं हे तुमचं काम.

मग करायचं काय?

१. वही घाला. नाव, नंबर, भाग, काय नेलं, कधी नेलं. पाच रकाने पुरेत. एक्सेल येत नसेल तर शंभर पानी वही चालेल. नंबर घेताना "नवीन माल आला की कळवू का?" असं विचारा. नाही म्हणाले तर मेसेज पाठवू नका.

२. पाकिटावर तुमचा नंबर छापा आणि खाली लिहा, "हा नंबर सेव्ह करा." कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. अनेकांना हे माहीतच नसतं, आणि मग "मेसेज पाठवला पण उत्तरच नाही" म्हणून बसतात.

३. कुलूप लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच सुरू करा. पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका. घाई करायला लावणारा मेसेज आला की आधी शंका घ्या. पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

४. दर रविवारी अर्धा तास. आठवड्याच्या चॅटमधल्या ऑर्डरी वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण धंदा यावरच टिकतो.

ताईंचं पुढे काय झालं?

आम्ही यूपीआयची जुनी नोंद उघडली. पैसे कुणी पाठवले, ती नावं मिळाली. डिलिव्हरीवाल्या मुलाच्या फोनमध्ये काही नंबर निघाले. सोसायटीच्या ग्रुपवरून काही मिळाले. दोन रात्री बसून साधारण साठ नावं जमली. ताईंनी मेसेज नाही केला, एकेकाला फोन केला. "काकू, यंदा चकली किती ठेवू?" त्या दिवाळीला धंदा निम्म्यावर आला, पण बुडाला नाही. आणि ताई म्हणाल्या, फोनवर कळलं की दोन घरांत मधुमेह आहे, त्यांना साखरेशिवायचे लाडू हवे होते. चार हजार फॉलोअर्सनी हे कधी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे व्यापारी लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतात, ती उगाच नाही. रील बनवा, स्टेटस टाका, रोज टाका. पण आज रात्री झोपण्याआधी शेवटच्या दहा ग्राहकांची नावं वहीत लिहा.

दहा नावं आठवली नाहीत, तर समजा काम कुठून सुरू करायचंय ते!