नभोवाणीवरचे पाहुणे

येत्या महिन्यात नभोवाणीवर बडोद्याच्या संगीताविषयी गप्पा व्हावयाच्या आहेत. पाहुणे व विषय सुचविण्याचे काम मजकडे आले. १९५० साली निवर्तलेले उस्ताद फैयाझखाँ आणि येथे १९१६ साली भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद, हे विषय यादीत आधीच होते.

मी तीन पाहुणे सुचविले: तंबोऱ्याची जवारी लावणारे एक वृद्ध कारागीर, लग्नसराईतले एक सनईवाले आणि मुलाला रोज शिकवणीस पोचविणारी एक आई. चौथी खुर्ची माझी. विषय, माझे वडील.

१९४९ साली संस्थान विलीन होईपर्यंत ते दरबारच्या कलावंत कारखान्यात सारंगी वाजवीत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. एकदा ते एका केंद्रावर अर्धा तास बोलले होते. पुढे मी ती फीत मागावयास गेलो, तो तिच्यावर शेतीविषयक भाषण चढलेले! फिती महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरीत. त्यांची सारंगी घरी आहे, आवाज मात्र नाही.

म्हणून यंदा मी एकच अट घातली: प्रत्येक पाहुण्याच्या बोलण्याची प्रत त्याच्या घरी द्यावी. ती मान्य झाली आहे. वाचकहो, कार्यक्रम जरूर ऐका; पण घरात कोणी जुने माणूस असेल, तर नभोवाणीची वाट न पाहता त्याला आजच बोलते करा.