दुचाकीचा टीपीएमएस
टीपीएमएस ही यंत्रणा टायरमधील हवेचा दाब गाडी चालू असतानाच दाखवते. चाकण-भोसरी एमआयडीसीच्या रस्त्यांवर खिळा किंवा लोखंडी कीस टायरमध्ये रुतू शकतो. ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते आणि पंक्चर उशिरा कळते. तिथे या यंत्रणेचा सेन्सर खरा उपयोगी.

व्हॉल्व्हवर टोपणासारखा बसणारा सेन्सर घरीच लावता येतो. मात्र वेगात त्याच्या वजनाचा ताण रबरी व्हॉल्व्हवर येतो, म्हणून आधी धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. रिमच्या आतला सेन्सर सुरक्षित. पण त्याची बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो.

गाडीच्या कंपनीने दिलेला दाब थंड टायरचा असतो. तापमान 10 अंशांनी वाढले की दाब साधारण 1 ते 1.5 पीएसआय वाढतो. म्हणून सेन्सरवर दाब वाढलेला दिसला तरी तापलेल्या टायरमधली हवा काढू नये.