पाथरवटाची टाकी

तुमच्या घरी पाटा-वरवंटा असेल तर त्याच्यावरून बोट फिरवून पाहा. नवा पाटा बोटाला खरखरीत लागतो. रोजच्या वापराने तो हळूहळू गुळगुळीत होतो. मग मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. घर्षण कमी झाले की वाटण होत नाही, हे त्याचे कारण. पूर्वी अशा वेळी गल्लीतून ‘टाकीऽऽ’ अशी हाक येण्याची वाट पाहत. टाकी म्हणजे दगड घडवण्याची पोलादी छिन्नी. ती घेऊन आलेली बाई अंगणात बसून पाट्यावर बारीक खड्डे पाडून देई. पाटा पुन्हा खरखरीत होई.

दगडाचे हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाथरवट आणि वडार कुटुंबांनी केले आहे. वडारांमध्ये कामावरूनच नावे पडली आहेत. खाणीतला दगड गाड्यांवरून वाहणारे ते गाडी वडार, मातीकाम करणारे ते माती वडार आणि जाती-पाटे घडवणारे ते जाते वडार. हे काम शाळेत शिकवले जात नाही. मुलगा बापाच्या शेजारी बसतो, बघतो आणि हाताने शिकतो. पण त्या हातांना जे कळते, त्यात तुमच्या पुस्तकातले कितीतरी भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र दडलेले आहे. कसे, ते पाहू या.

दगड आला कोठून?

बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. तिचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यालाच आपण काळवत्री दगड म्हणतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन:पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे.

लाव्हारसात वायू मिसळलेले होते. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि तेथला दगड सच्छिद्र झाला. आतला भाग मात्र घट्ट झाला. पाथरवट हा फरक पाहताच ओळखतो. भार पेलण्यासाठी तो घट्ट दगड निवडतो.

थिजताना दगड आकसला आणि त्याला नैसर्गिक भेगा पडल्या. काही ठिकाणी या भेगा इतक्या नियमित पडल्या की दगडाचे बहुकोनी खांबच तयार झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांची आहे. असेच खांब दूर आयर्लंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ येथे आहेत. तेथे त्यांची संख्या सुमारे ४०,००० आहे. खंड वेगळे, काळ थोडा वेगळा, पण निसर्गाचा नियम एकच!

दगड बोलतो

खाणीत दगड निवडताना पाथरवट त्याच्यावर हातोडीने हलकेच ठोका मारतो आणि कान देऊन ऐकतो. दगड खणखणीत वाजला तर तो चांगला. बद्द आवाज आला तर आत कोठेतरी भेग आहे. अखंड दगडात ठोक्याची कंपने सहज पसरतात आणि काही क्षण टिकतात. भेग असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात. त्यात कंपनांची ऊर्जा खर्च होते आणि आवाज लगेच मरतो. मडके विकत घेताना आई बोटाने वाजवून पाहते, तेही याचसाठी.

पाचरीची करामत

आता मोठा दगड फोडायचा आहे. एक घनफूट बेसाल्टचे वजनच सुमारे ८० किलोग्रॅम भरते. मग खोलीएवढा खडक फोडायला किती ताकद लागेल? येथे ताकदीपेक्षा युक्ती जास्त लागते.

पाथरवट आधी दगडावर रेघ मारतो. त्या रेघेवर ठरावीक अंतराने टाकीने खाचा पाडतो. हातोड्याचे तोंड २५ चौरस सेंटिमीटर आणि टाकीचे टोक पाव चौरस सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच बलाने टाकीखाली १०० पट दाब पडतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हाला पाठ आहेच!

मग प्रत्येक खाचेत पोलादी पाचर बसवतात. पाचर १२ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड असेल, तर घर्षण सोडून दिल्यास ठोक्याचे बल बाजूंना सुमारे ६ पट होऊन मिळते. घर्षणामुळे प्रत्यक्षात लाभ बराच कमी होतो. पण त्याच घर्षणामुळे पाचर उसळून बाहेरही येत नाही.

बेसाल्ट दाबला तर प्रचंड भार सोसतो. ताणला तर मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शातच तुटतो. पाचर दगडाला दाबून चिरडत नाही, ती त्याला दोन्हीकडे ताणते. म्हणून पाथरवट एकाच पाचरीवर जोर काढत नाही. तो सर्व पाचरींवर ओळीने, सारखे ठोके देत जातो. ताण रेघेवर साठत जातो, एका खाचेची चीर दुसरीला मिळते आणि दगड सरळ दुभंगतो. कापड दुकानदार आधी कात्रीने लहानशी चीर पाडतो आणि मग टर्रकन कापड फाडतो, तसेच हे आहे.

चुन्याविना भिंत

बीड शहराजवळची खजाना विहीर प्रसिद्ध आहे. अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. तिचे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शेतांकडे जाते. पंप नाही, इंजिन नाही. बीडचे कंकालेश्वर मंदिर तर पाण्याच्या कुंडातच उभे आहे.

खेड्यातल्या साध्या गोल विहिरीचे बांधकामही असेच विचाराचे असते. बाहेरची माती कड्याला आत ढकलते, पण गोलाकारामुळे प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यावर दाबला जातो. दगड दाब उत्तम सोसतो, हे आपण पाहिलेच. चुना न घालता रचलेल्या कड्याच्या सांध्यांतून झऱ्यांचे पाणीही आत येते. सिमेंटने हे सांधे बुजवले तर पाणी मागे कोंडते आणि त्याच्या दाबाने कडे फुगून ढासळू शकते. जुन्या विहिरीची दुरुस्ती करताना म्हणूनच जाणत्या माणसाला विचारावे.

आयर्लंडच्या पश्चिम भागातही शेतांच्या बांधांवर अशा कोरड्या भिंती आहेत. त्यांच्या फटींतून समुद्रावरचा सोसाट्याचा वारा निघून जातो आणि भिंत टिकते. तेथेही ही विद्या घराघरांतून चालत आली. कोरड्या दगडी रचनेच्या कलेला युनेस्कोने २०१८ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात २०२४ साली आयर्लंडचाही समावेश झाला.

मोल कोणाचे?

आपल्याकडे मिक्सर आला, पाटा कोपऱ्यात गेला. काँक्रीट आले, घडीव चिरा मागे पडला. जाती घडवणाऱ्या कितीतरी हातांना खडी फोडण्याचे काम पत्करावे लागले. त्या कामात कौशल्याला किंमत नाही आणि धोका मात्र आहे. उडालेली कपची डोळा घेऊ शकते. ग्रॅनाइट व वालुकाश्म यांच्या धुळीत स्फटिकी सिलिका भरपूर असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका कमी असली तरी पोकळ्यांत ती आढळते आणि धूळ कोणतीही वाईटच. दगड ओला करून काम करणे, चष्मा आणि धुळीचा योग्य मुखवटा वापरणे, हे उपाय अवघड नाहीत. ते मिळणे हा कामगाराचा हक्क आहे.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ते घाव अचूक घालणाऱ्या हाताची आठवण मात्र ठेवत नाही. तुमच्या वर्गात अशा घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. दाब आणि पाचर हा धडा सुरू होईल तेव्हा गुरुजींनी त्यांच्या आजोबांना अवश्य वर्गात बोलवावे.

करून पाहा

१. एक चांगला आणि एक तडा गेलेला चिनी मातीचा कप घ्या. चमच्याने हलकेच वाजवा. आवाजातला फरक लिहून ठेवा.

२. साबणाच्या वडीवर रेघ मारून चार लहान खाचा पाडा. त्यांत लाकडी पाचरी बसवा. आधी एकीवरच ठोके द्या. मग दुसरी वडी घेऊन चारही पाचरींवर ओळीने ठोके द्या. कोणती वडी सरळ फुटली? का?