ज्याचा डाव संपतो, तोच खेळ

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. थोरली बहीण खानापूरहून बेळगावला आमच्याकडे आली ती तक्रार घेऊनच. मुलगा यंदा एस.एस.एल.सी.ला आणि हातातला मोबाईल काही सुटत नाही. "तू प्राध्यापक माणूस, तूच दोन शब्द सांग बघू ह्याला," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. मी घसा खाकरून सुरुवात करणार, इतक्यात भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, आईच सांगते, तुम्ही पण रात्र रात्र खेळत होता की!"

झालं! उपदेश घशातच राहिला. कारण पोरगं खरं बोलत होतं. कॉलेजच्या दिवसांपासून मी कॉम्प्युटरवरचे खेळ खेळत आलो आहे आणि त्यांनी मला दिलंही आहे, माझं नेलंही आहे. तेव्हा 'हे सगळं वाईट' असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण कोणता खेळ बरा आणि कोणता नाही, याबद्दल एका जुन्या खेळाडूला मतं असतात. ती त्या दुपारी भाच्याला सांगितली, तीच इथे मांडतो.

सावलीशी लढाई

माझा पहिला खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली तो आणला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र बेतून आपला राजपुत्र चालता केला. म्हणूनच तो कड्याला लोंबकळला की आपल्या पोटात गोळा येतो. तळघरातून सुटून राजकन्येपर्यंत पोहोचायला मुदत फक्त ६० मिनिटांची. कितीदाही मरा, पुन्हा उठा; घड्याळ मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

या खेळातली एक जागा मी विसरलेलो नाही. राजपुत्र एका आरशातून आरपार उडी घेतो आणि त्यातून त्याची सावली निसटते. पुढे तीच तलवार घेऊन वाट अडवते. तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो! आम्ही मित्र कितीतरी दिवस तिथे मरत होतो. उपाय साधा होता, तलवार म्यान करायची. मग सावलीही तलवार ठेवते आणि दोघे एक होतात. मारामारीच्या खेळात सगळ्यात अवघड कोडं हात आवरल्यावर सुटतं, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं, आजही वाटतं.

त्यानंतर आला 'काउंटर-स्ट्राइक'. टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या करून बसायचो. एकाने बॉम्ब लावायचा, दुसऱ्याने निकामी करायचा. त्यात गोळी लागली की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसावं लागे. ती दोन मिनिटं मोलाची. आपण कुठे चुकलो, हे तेव्हाच कळायचं. मोठी माणसं म्हणायची, गोळ्या झाडून पोरं हिंसक होतील. आमच्यातला कुणी झाला नाही. तोंडात शिव्या मात्र बसल्या, हे कबूल केलं पाहिजे.

प्यादी शेती करतात

पण माझं खरं प्रेम डावपेचांच्या खेळांवर. त्यातही 'एज ऑफ एम्पायर्स'चा १९९९ साली आलेला दुसरा भाग. अन्न, लाकूड, सोनं आणि दगड एवढ्या चार गोष्टींवर सगळं राज्य उभं करायचं. एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं. एका घोडेस्वार सरदाराला ६० अन्न आणि ७५ सोनं. भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी आणि तिरंदाज पुन्हा भालाइताला भारी. त्यामुळे 'हे एक सैन्य घेतलं की जिंकलो' असं कधीच होत नाही.

आमचे वडील बुद्धिबळाचे शौकीन. एकदा माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "काय रे, ह्यात प्यादी शेतीसुद्धा करतात?" म्हटलं, "करतात. त्यांनी शेती केली नाही तर घोडाच मिळत नाही." ते म्हणाले, "मग हा खेळ बुद्धिबळापेक्षा खरा म्हणायचा!" या खेळावरचं इतकं नेमकं मत मी दुसरं ऐकलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचे गावकरी रिकामे उभे राहिले, तो पुढे कितीही शूर असो, हरतोच.

नोकरी लागल्यावर, २००९ साली 'एम्पायर : टोटल वॉर' आला. इसवी सन १७०० पासून सुरू होणारा हा खेळ, वर्षाला दोन चाली आणि त्यात चक्क मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं! इतिहास शिकवणाऱ्याला आणखी काय हवं? मी उत्तरेत फौजा नेल्या, लढाया जिंकल्या, खूश झालो. पण पुढे वर्गात पानिपत शिकवताना चपापलो. पालखेडला १७२८ साली पहिल्या बाजीरावाने निजामाची रसद आणि पाणी तोडून त्याला जेरीस आणलं. पानिपतावर १७६० च्या अखेरीस आपलीच रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढायला बाहेर पडली. खेळात सैन्याचा खर्च खजिन्यातून वजा होतो, पण घोड्याला वैरण लागत नाही. बुणगे नाहीत, यात्रेकरू नाहीत, बायकापोरं नाहीत. खेळ म्हणून तो उत्तम आहे. इतिहास म्हणून त्यावर विसंबू नये.

"अजून एकच चाल"

आता माझ्या नुकसानाची गोष्ट. 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ सिड मायर यांनी १९९१ साली आणला, पुढे त्याचे अनेक भाग निघाले. ख्रिस्तपूर्व ४००० पासून एक एक चाल करत अवकाशयुगापर्यंत यायचं. त्यात घाई नाही, धडधड नाही. म्हणूनच तो घातक! दर वेळी वाटतं, एवढा रस्ता पुरा होऊ दे, एवढा किल्ला बांधून होऊ दे. एम.ए.च्या एका पेपरच्या आदल्या रात्री 'अजून एकच चाल' म्हणता म्हणता खिडकीबाहेर उजाडलं. त्या पेपरात पडलेले गुण आजही माझ्या गुणपत्रिकेवर आहेत. दोष माझाच, पण तेव्हापासून खेळाकडे बघायची एक कसोटी मिळाली. किती रक्त दिसतं, हे मी बघत नाही. हा खेळ मला उठू देतो का, हे बघतो.

भाच्याचा खेळ मी याच कसोटीवर लावला. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आला. भाचा तोच खेळतो. शंभर जण विमानातून उतरतात, भोवतीचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी एक जण किंवा एक चमू उरतो. डाव म्हणून रचना फार सुरेख, लपायला जागाच ठेवत नाही. अर्ध्या तासात निकालही लागतो. मग अडतं कुठे? डाव संपतो, पण खेळ संपत नाही! रोज हजेरी लावली की बक्षीस, नवा मोसम आला की नव्याने वर चढायचं, पैसे देऊन नवे कपडे घ्यायचे. राजपुत्राचं घड्याळ म्हणायचं, वेळ संपत आली. हे म्हणतं, उद्या परत ये, नाहीतर मागे पडशील.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, "खेळ, पण बक्षिसासाठी हजेरी लावू नकोस. डाव संपला की तुला उठता आलं, तर खेळ तुझा. नाही आलं, तर तू खेळाचा." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, तुमचं ते शेतीवालं दाखवा की."

जुना कॉम्प्युटर चालू केला. पहिला डाव मी जिंकलो, दुसऱ्यात त्याने माझं लाकूड तोडणारे गावकरीच कापून काढले आणि अर्ध्या तासात मला गुंडाळलं. आतून बहीण ओरडली, "ताटं वाढलीत रे!" भाचा लगेच उठला आणि हात धुवायला गेला.

"थांब रे, अजून एकच डाव," असं म्हणणारा मी होतो.